अजून वीस

१९ डिसेंबर, दुपारी सव्वाबारा. मेणबत्ती पेटलेली होती, पाव कापायचा राहिला होता आणि नेवेना दारात उभी होती.

संत निकोला हा या घराचा कुलसंत; त्याच्या सणाला या घरातून कुणालाच बोलावणं जात नाही. ज्याला यायचं तो येतो. जो येत नाही, त्याचं नाव त्या दिवसापासून वेगळ्या सुरात घेतलं जातं. नेवेना मे महिन्यापासून माहेरी आली नव्हती. नवऱ्याला, ताद्याला, पुरताना ती बापाच्या शेजारी उभी होती, पण बापानं पुढे केलेला हात तिनं धरला नव्हता. दफनभूमीत असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

देसान्कानं सकाळी लेकीचं ताट मांडलं, उचललं आणि पुन्हा मांडलं. आता ती शिजवलेल्या गव्हाचं तबक घेऊन दाराशी गेली. नेवेनानं चमचाभर गहू तोंडात टाकला, चमचा शेजारच्या पाण्याच्या पेल्यात सोडला.

"सण सुखाचा होवो," ती म्हणाली. म्हणताना तिनं आईकडे पाहिलं.

"हडकलीस," देसान्का म्हणाली.

"तू पण."

"मी म्हातारी झाले. तुझं तसं नाही."

आत वेलिमिर उभा होता. यजमानानं या दिवशी बसायचं नसतं. पाहुणे जाईपर्यंत पायांवर राहायचं, वाढायचं, पेले भरायचे. तो एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्याचा डावा गुडघा सुजला होता. त्यानं लेकीकडे पाहिलं, ते तिच्या खांद्यांकडे. ही त्याची सवय. माणसाचा चेहरा तो नंतर बघतो.

"ये," तो म्हणाला. "कोट दे."

"राहू दे, बाबा. थंडी वाजतेय."

खोलीत शेगडी धगधगत होती.

टेबलाशी पेरिशा बसला होता. एकेकाळी वेलिमिर वल्हवण्याच्या क्लबचा कोच होता, तेव्हा त्याच्या आठ वल्ह्यांच्या नावेत पेरिशा ताद्याच्या पुढच्या बाकावर असायचा. आता नगरपालिकेत उपाध्यक्ष होता, आणि राकिया या दारूचा दुसरा पेला त्याच्या हातात होता.

"ये, नेवेना, ये. तुझी जागा गरम करून ठेवलीय."

"तूच बसला होतास का तिथे? मग मी उभीच बरी."

पेरिशा हसला. बाकी कुणी हसलं नाही. खिडकीपाशी नेवेनाचा धाकटा भाऊ गोइको उभा होता. त्यानं बहिणीकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. नदी धुक्यात होती.

मे महिन्यातली घटना अशी. सावा नदीला पूर आला होता. विटांच्या कारखान्यामागच्या वळणावर बांध खचायला लागला, तेव्हा गावातली माणसं वाळूची पोती रचायला तिथे जमली. त्यांचं नेतृत्व वेलिमिरकडे होतं. त्याला ते कुणी दिलं नव्हतं आणि कुणी हरकतही घेतली नव्हती. संध्याकाळी बांध फुटला. टोकाला असलेला ताद्या, वेलिमिरचा जावई, वाहून गेला आणि तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. सरकारी वकिलांच्या चौकशीत प्रश्न एकच होता: मागे फिरण्याचा वायरलेसवरचा आदेश कधी पोचला? वायरलेस गोइकोच्या हातात होता. त्यानं सांगितलं, बांध फुटल्यावर. वेलिमिरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "यंत्र माझ्या मुलाकडे होतं. त्याला विचारा." नोव्हेंबरात एका ट्रकचालकानं जबाब दिला, की त्याच्या गाडीतल्या यंत्रावर तो आदेश बराच आधी आला होता. गोइकोला सोमवारी पुन्हा बोलावलं होतं. आज शुक्रवार होता.

पेरिशाला मात्र दुसराच विषय काढायचा होता.

"कोच, मी काय म्हणतो. वसंतात पाणी पुन्हा वाढणार. प्रत्येक वस्तीत एक पथक करायचं ठरतंय. पोती कशी द्यायची, रांग कशी लावायची, कुणाला कुणाशेजारी उभं करायचं. हे तुमच्याशिवाय शिकवणार कोण?"

"इंजिनिअर आहेत की," वेलिमिर म्हणाला.

"इंजिनिअरना बांध कळतो. माणसं कळत नाहीत."

या बोलण्यात खुशामत होती, पण खोटं फारसं नव्हतं. युद्धाच्या वर्षांत क्लब बंद पडला आणि नावा शेडमध्ये वाळून तडकल्या, तेव्हा विटांच्या कारखान्यानं वेलिमिरला पाळीवर मुकादम म्हणून घेतलं. त्याला विटांतलं काही कळत नव्हतं. पहिला महिनाभर तो भट्टीपाशी नुसता उभा राहून माणसांचे श्वास बघायचा. मग त्यानं जोड्या बदलल्या. दमणाऱ्याच्या मागे न दमणारा, भांडकुदळाच्या शेजारी मुका. वर्षभरात ती पाळी कारखान्यातली सगळ्यात चांगली झाली. पुढे चर्चच्या गायकांना त्यानं एकत्र श्वास घ्यायला शिकवलं. स्वतः त्याला दोन ओळी सुरात गाता येत नव्हत्या. गावात गमतीनं म्हणत, वेलिमिरला कोंबड्या द्या, त्याही तालावर अंडी घालतील.

नेवेना त्याच्याकडूनच शिकली होती. ती इस्पितळात, अर्धांगवायूच्या रोग्यांना पुन्हा चालायला लावणाऱ्या विभागाची मुख्य परिचारिका होती. कोण आता कोसळेल हे तिला रोग्याच्या मानेवरून कळायचं. नव्या पोरी विचारायच्या, हे कुठल्या पुस्तकात आहे? ती सांगायची, माझ्या बापाच्या नावेत.

"आई, मी मासे बघते," नेवेना म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

*

स्वयंपाकघरात गोइकोची बायको यास्ना कार्पच्या तुकड्यांना पीठ लावत होती. नाताळाआधीच्या उपासाचे दिवस होते; त्यात मासे चालतात, मांस नाही. मासे, भाजलेला घेवडा, तेलातल्या मिरच्या. तिनं वर पाहिलं नाही.

"सणासाठी आला नाहीत, ताई. सोमवारसाठी आलात."

"हो," नेवेना म्हणाली.

यास्नाला हे अपेक्षित नव्हतं. ती नकार ऐकायच्या तयारीत होती, त्यामुळे पुढचं वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं. "म्हणजे... म्हणजे माझ्या नवऱ्याला आत टाकायचंय तुम्हाला."

"मला त्याला एकच विचारायचंय."

"फोन आहे की."

"फोन उचलत नाही तो."

"माझाही नाही उचलत," यास्ना म्हणाली. तिनं पिठाचे हात फडक्याला पुसले. "बसस्थानकावर त्याला आता घोषणा धड करता येत नाहीत, माहितीये? बावीस वर्षं हेच काम करतोय. अख्खं गाव म्हणायचं, गोइकोचा आवाज ऐकला की बस आल्यासारखी वाटते. आणि आता गाडी वीस मिनिटं उशिरा येणार असेल, तर हा माइक धरून उभा राहतो. पंधरा म्हणता येतं, पंचवीस म्हणता येतं. तो एक आकडा आला की तोंड उघडं आणि आवाज बंद. लोक खिडकीशी येऊन विचारतात, काय झालं, बस उलटली का?"

नेवेनानं पिठात घोळवलेले तुकडे कढईजवळ सरकवले.

"मी विचारलं त्याला. तो म्हणतो, घशाला सूज आहे. मी काय खुळी आहे?"

देसान्का तेल तापलं का बघायला आली होती. सुनेकडे आणि लेकीकडे पाहून ती कढईपाशीच थांबली.

"आज नको," ती म्हणाली. "त्यांचं वय झालंय. जे व्हायचं ते होऊन गेलं. आज माझ्या घरात सण आहे."

"आई, तुला माहीत आहे का?" नेवेनानं विचारलं.

"मला मासे तळायचे आहेत."

"हे उत्तर नाही."

"माझ्याकडे तेवढंच आहे," देसान्का म्हणाली आणि पहिला तुकडा तेलात सोडला.

क्लब होता तोवर तिनं नवऱ्याला किनाऱ्यावरून सायकल चालवत नावेला हाका मारताना ऐकलं होतं. घरात तो कधी आवाज चढवत नसे. पण मे महिन्यापासून तो झोपेत बोलायचा, आणि काय बोलायचा ते तिला पाठ झालं होतं. सकाळी ती त्याला कॉफी द्यायची आणि काही विचारायची नाही. आपण हे घर सांभाळतोय असं तिला वाटायचं. आज लेकीचा कोट अजून अंगावरच आहे हे पाहिल्यापासून तिला तसं वाटेनासं झालं होतं.

*

पाव फिरवायची वेळ झाली, तेव्हा दीड वाजला होता. पाद्री सकाळीच प्रार्थना म्हणून पुढच्या घरी गेले होते. निकोलाचा सण अर्ध्या गावाचा असतो. राहिलेलं घरच्यांनीच करायचं होतं. वेलिमिरनं पाव उलटा धरून त्यावर आडवी-उभी चीर दिली, चिरेत लाल वाइन ओतली आणि पाव सुलटा करून टेबलावर मधोमध धरला. सगळे उठले. सगळ्यांनी खालून हात लावले: वेलिमिर, देसान्का, गोइको, यास्ना, पेरिशा. मग नेवेना. तिनं कोटाच्या बाह्या वर सारल्या.

पाव तीनदा फिरवायचा असतो, आणि फिरत असताना कुणी हात सोडायचा नसतो. हात सुटला तर त्या घरातला माणूस सुटतो असं मानतात. सुशिक्षित माणसंही सोडत नाहीत.

पहिला फेरा शांततेत झाला.

दुसऱ्या फेऱ्यात नेवेनानं समोर उभ्या भावाकडे पाहिलं.

"गोइको," ती म्हणाली, "ताद्यानं तुला विचारलं होतं का?"

यास्नाची बोटं पावाखाली गोइकोच्या बोटांना लागून होती. ती गार पडल्याचं तिला कळलं.

"फिरवा," वेलिमिर म्हणाला.

पाव फिरला. सगळे एकेक पाऊल सरकले. हा फेरा पुरा व्हायला अजून अर्धा बाकी होता, आणि तो अर्धा फेरा गोइकोला फार लांबला.

दहा वर्षांचा असल्यापासून तो नावेच्या टोकाला सुकाणूवर बसायचा, कारण अंगानं तो किरकोळ होता आणि आवाज मोठा होता. वल्हवणाऱ्यांची पाठ पुढे असते. ते कुठे चाललेत हे त्यांना दिसत नाही. ते फक्त सुकाणूवाल्याला दिसतं. आणि बाप किनाऱ्यावरून जे सांगेल, ते तसंच्या तसं, त्याच शब्दांत, नावेत ओरडायचं. स्वतःचा एक शब्द घालायचा नाही. शर्यत संपत आली, माणसं फुटायला लागली, की बाप म्हणायचा, "अजून वीस." अजून वीस वेळा वल्हं मारा, संपलं. वीस व्हायचे. मग पुन्हा, "अजून वीस." ते खोटं असतं हे आठही जणांना माहीत असायचं आणि आठही जणांना ते हवं असायचं. वेलिमिर म्हणे, खरं अंतर सांगितलं तर माणूस अंतर मोजत बसतो. वीस सांगितले तर वल्हवतो.

"विचारलं," गोइको म्हणाला. आवाज नीट निघाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"काय विचारलं?"

"वरून काय आलंय म्हणून. त्यानं यंत्राचा आवाज ऐकला होता. शब्द ऐकू आले नसतील, पाण्याचा फार आवाज होता."

"आणि काय आलं होतं?"

"मागे फिरा, असं."

"तू बाबांना सांगितलंस."

"तसंच्या तसं."

"आणि बाबा काय म्हणाले?"

गोइकोनं बापाकडे पाहिलं. मेणबत्तीची वात वाकली होती. ती सरळ करायला एरवी देसान्का पुढे झाली असती.

"अजून वीस," वेलिमिर म्हणाला. "प्रत्येकी वीस पोती. मी म्हणालो."

"आणि तू ताद्याला काय सांगितलंस, गोइको?"

"वीस."

"मागे फिरायला सांगितलंय, हे नाही सांगितलंस."

"नाही."

"का?"

"बाबांनी ते सांगायला सांगितलं नव्हतं," गोइको म्हणाला.

पाव अजून सगळ्यांच्या हातांत होता. एक फेरा बाकी होता. पेरिशा सगळ्यात आधी भानावर आला.

"हे बघा, हे याच टेबलावर राहू दे. घरातलं बोलणं घरात. ट्रकवाला काय, तो दिवसभर पीत होता, मी स्वतः पाहिलंय. कोचना गावाची गरज आहे... म्हणजे गावाला कोचची."

"पेरिशा," देसान्का म्हणाली, "हे टेबल माझं आहे."

"वहिनी, मी फक्त—"

"त्यावर काय राहायचं ते मी ठरवेन. तू हात नीट धर, पाव कलतोय."

पेरिशानं हात नीट धरले.

वेलिमिर लेकीचा श्वास बघत होता. छातीत वर अडकलेला, अर्धा. अशा श्वासावर माणूस फार टिकत नाही. त्याला जे म्हणायचं होतं, ते तो सात महिने मनात मांडत आला होता.

"तुमचा विभाग खालच्या वस्तीत होता," तो म्हणाला. "तळमजल्यावर. खाटेवरून न उठणारी माणसं. तू आत होतीस. शेवटची रुग्णवाहिका निघाली की नाही हे मला कळत नव्हतं. मागे फिरा म्हणणारा माणूस शहरात ऑफिसात बसला होता. त्याला हे माहीत नव्हतं. मी वेळ विकत घेत होतो, नेवेना. तुझ्यासाठी. त्या माणसांसाठी."

"माहितीये मला," नेवेना म्हणाली. "आम्ही सगळे निघालो. सगळे वाचले. रोज सकाळी मी त्यांच्याकडे बघते."

"मग?"

"ताद्याला माहीत होतं मी कुठे आहे ते."

"होतं. म्हणूनच सांगतो, खरं सांगितलं असतं तरी तो थांबला असता. मी त्याला सोळाव्या वर्षापासून ओळखत होतो. तो हलला नसता."

"मग सांगायचं होतंत," नेवेना म्हणाली. "तो स्वतः थांबला असता."

वेलिमिरनं पावाखालची पकड बदलली.

"माझ्यासाठी थांबला असता तो," ती म्हणाली. आवाज चढला नाही. इस्पितळात वाईट बातमी देताना ती असाच आवाज ठेवायची. "मला तेवढं तरी राहिलं असतं. आता काय आहे माझ्याकडे? तो वीस पोती मोजत होता."

यास्ना रडत होती. पावाखाली हात अडकल्यानं तिला डोळे पुसता येत नव्हते.

"बांध टिकेल असं तुम्हाला वाटलं, बाबा?" तिनं विचारलं. सासऱ्याला तिनं आजवर कधी प्रश्न विचारला नव्हता.

त्या संध्याकाळी वेलिमिर ताद्याच्या पाठीकडे बघत होता. खांदे खाली आलेले, पण कमरेतून जोर अजून लागत होता. याच्यात वीस आहेत, त्यानं हिशेब केला होता. वीसहून जास्त आहेत. तो हिशेब बरोबर होता. चाळीस वर्षं तो तसाच बरोबर येत आला होता: नावेत, भट्टीवर, गायकांत. पायाखाली माती पिठासारखी मऊ झाली होती आणि बांधाच्या कोरड्या अंगानं पाणी झिरपायला लागलं होतं. ते त्याच्या डोळ्यांना दिसलं होतं. पण तो माणसांकडे बघत होता.

"मी बांधाकडे पाहिलंच नाही," तो म्हणाला.

मग देसान्का म्हणाली, "एक फेरा राहिलाय."

त्यांनी तिसरा फेरा पुरा केला. नंतर रिवाजाप्रमाणे वेलिमिर आणि गोइकोनं पाव दोन बाजूंनी धरून मोडला आणि गालाला गाल लावले. गोइकोचा अर्धा मोठा निघाला. एरवी यावर टेबलाभोवती थट्टा झाली असती.

"बाबा," गोइको म्हणाला. अर्धा पाव अजून त्याच्या हातात होता. "सोमवारी मी काय सांगू?"

"अरे, तू अजून त्यांनाच विचारतोस?" यास्ना म्हणाली. तिनं आता बाहीनं तोंड पुसलं होतं. "ज्या माणसानं तुझ्याकडे बोट दाखवलं, त्यालाच? 'यंत्र मुलाकडे होतं.' खोटं तू बोललास. पकडलं तर तुला पकडतील."

"मी त्याला खोटं बोल म्हणालो नव्हतो," वेलिमिर म्हणाला.

"खरं बोल, असंही म्हणाला नव्हतात," देसान्का म्हणाली.

नवऱ्याकडे न बघता ती पावाचे तुकडे बशीत ठेवत होती. वेलिमिर तिच्याकडे वळला. या घरात ती आजवर कधी समोरच्या बाजूला उभी राहिली नव्हती, आणि ती तिकडे कधी गेली हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुला वाटेल ते सांग," तो शेवटी मुलाला म्हणाला.

"मला काय वाटतं?" गोइकोनं विचारलं. तो टोमणा नव्हता. "मला काय वाटतं ते मला कधी सांगावंच लागलं नाही, बाबा. मला ते येत नाही."

"ताद्या पट्टीचा पोहणारा होता," पेरिशा मध्येच म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. "आमच्यात सगळ्यात चांगला पोहायचा." त्याचा पेला रिकामा होता. तो भरायला कुणी पुढे झालं नाही, आणि ते यजमानाचं काम होतं.

वेलिमिरनं मागे हात नेला, खुर्ची चाचपली आणि बसला.

सगळ्यांनी ते पाहिलं. मेणबत्ती अजून अर्ध्याच्या वर होती. देसान्काच्या माहितीत या घरात सणाच्या दिवशी यजमान बसल्याचं आजवर झालं नव्हतं. तिच्या सासऱ्यानं न्युमोनियातसुद्धा भिंतीला टेकून दिवस काढला होता. तिनं बाटली उचलली आणि पेरिशाचा पेला स्वतः भरला.

नेवेनानं आता कोट काढला, खुंटीला लावला आणि टेबलाशी आली.

"मासे गार होतायत," ती म्हणाली.

ते जेवले. पेरिशा पथकांबद्दल पुन्हा बोलला नाही. जाताना त्यानं वेलिमिरच्या खांद्यावर हात ठेवला आणि "बघू," एवढंच म्हणाला.

*

सोमवारी सकाळी नऊला गोइको सरकारी वकिलांच्या कार्यालयात गेला. यास्ना त्याच्याबरोबर होती. वरच्या मजल्यावर बाकापाशी वेलिमिर आधीच उभा होता. त्याला बोलावणं नव्हतं. त्यानं सणाचाच काळा कोट घातला होता. बापलेक काही बोलले का, हे यास्नाला नक्की सांगता आलं नाही. ती तेव्हा लिफ्टपाशी होती. लिपिकानं दार उघडून "स्तानोयलोविच" असं आडनावच पुकारलं. तिच्या सांगण्याप्रमाणे वेलिमिर एक पाऊल पुढे झाला. लिपिकानं कागद बघून "गोइको" म्हटलं. वेलिमिर बाजूला झाला. दार बंद झालं.

त्याच सकाळी, अकराच्या पुढे, नेवेना विभागाच्या लांब मार्गिकेत मिलुतिन नावाच्या रोग्याला चालवत होती. मिलुतिन निवृत्त कुलूपकार होता. मे महिन्यात त्याला शेवटच्या रुग्णवाहिकेतून बाहेर काढलं होतं. उजवा पाय अजून फरपटत होता. भिंतीचा कठडा धरून तो निम्म्यापर्यंत आला आणि थांबला.

"सिस्टर, अजून किती?"

या प्रश्नाला तिचं एकच उत्तर होतं. ती ते गेली अठरा वर्षं देत आली होती, दिवसातून अनेकदा, प्रत्येक खाटेला. शब्द जिभेवर आले. ते तिच्या बापाच्या सुरातच आले. आजवर आपल्याला हा सूर ऐकू कसा आला नाही, असं तिला वाटलं.

"त्या दारापर्यंत जायचंय, आजोबा," ती म्हणाली. "आता निम्मं झालंय. तेवढंच अजून आहे. आणि मग परत यायचंय."

मिलुतिननं दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मग नाही," तो म्हणाला, आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर बसला.

तिनं त्याला उठवलं नाही. कसं उठवायचं ते तिला माहीत होतं. दोन शब्द पुरले असते. ती शेजारी उभी राहिली. अंगरख्याच्या खिशातला फोन थरथरला. यास्ना होती.

"अजून आत आहे. काही कळत नाही. मधे एकदा मोठ्यानं बोलल्याचा आवाज आला, पण त्याचा होता की दुसऱ्या कुणाचा, ते ओळखू आलं नाही."

"बाबा?"

"दाराकडे तोंड करून उभे आहेत. मी म्हटलं बसा, तर ऐकत नाहीत."

नेवेनानं फोन खिशात ठेवला.

"काय झालं?" मिलुतिननं विचारलं.

"माहीत नाही अजून."

पावणेबारा वाजले तेव्हा गोइको बाहेर आलेला नव्हता, आणि मिलुतिन खुर्चीवरून उठलेला नव्हता.